चाळीस हिश्श्यांची मॅटॅडोर

काही नावे बोलण्यात इतकी मुरतात की ती कधीकाळी एखाद्या कंपनीची होती हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. घर बदलायचे असले की आपण म्हणतो, "एखादा टेम्पो बघा." मग दारात टाटाची गाडी येवो नाहीतर महिंद्राची, तिचे नाव टेम्पोच. वलिम्याला चार घरची माणसे न्यायची असली की म्हणतो, "ट्रॅव्हलर सांगून ठेवा." आमच्या मुळशी तालुक्यात याच घराण्यातला आणखी एक शब्द होता, मॅटॅडोर. जुन्या माणसांच्या तोंडी मेटाडोर. माल न्यायचा असो, नवरी आणायची असो की बाळंतीण दवाखान्यात पोहोचवायची असो, "मेटाडोर सांगा" एवढे म्हटले की पुढचे सगळे ठरल्यासारखे असे.

आमच्या घरी १९९१ ते २०१४ अशी तेवीस वर्षे एक मॅटॅडोर होती. अब्बा ती चालवत. आम्ही तिघे भावंडे, दोघे भाऊ आणि एक बहीण, तिच्या हौद्यात वाढलो म्हटले तरी चालेल. अब्बांच्या इंतकालनंतर या गाडीची वाटणी करण्याची वेळ आमच्यावर आली. जमिनीच्या आणि घराच्या वाटणीबद्दल आपल्यात पुष्कळ बोलले जाते. पोटापाण्याच्या गाडीची वाटणी मात्र बहुतेक घरांत होतच नाही. ती चालवणाऱ्या मुलाच्या हाती राहते आणि बाकीचे गप्प बसतात. आमच्याकडे ते तसे झाले नाही. म्हणून गाडीबद्दल जे आठवते आणि जे पुढे वाचून कळले, ते तिघांनी मिळून लिहीत आहोत.

आधी गाडीचे कुळ. टेम्पो हे मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातल्या विडाल कुटुंबाच्या कंपनीच्या गाड्यांचे नाव. १९२०च्या दशकात त्यांनी काम सुरू केले. मोटार परवडत नाही, पण हातगाडीने भागत नाही अशा छोट्या व्यापाऱ्यांसाठी ते तीनचाकी गाड्या बनवत. तिकडे त्या काळात लहान इंजिनाच्या गाडीला कर आणि परवाना या दोन्हींत सवलत होती, त्यामुळे या गाड्या खूप खपल्या. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, त्याच कंपनीने मॅटॅडोर नावाची चारचाकी काढली. पहिल्या मॅटॅडोरमध्ये इंजिन फोक्सवॅगनचे होते. स्पॅनिश भाषेत मॅटॅडोर म्हणजे बैलाशी झुंजणारा माणूस. आमच्याकडे ती बैलगाडीच्या पोटावर उठली, तेव्हा नाव अगदीच चुकले असे म्हणता येणार नाही.

हिंदुस्थानात हे नाव आणले ते मूळच्या अहमदनगरच्या नवलमल फिरोदिया यांनी. १९५८ मध्ये हॅम्बुर्गच्या कंपनीशी करार करून बजाज टेम्पो सुरू झाली आणि तीनचाकी टेम्पो बनू लागला. पुढे आकुर्डीला मोठा कारखाना झाला. त्या तीनचाकीचे इंजिन पुढच्या एकाच चाकावर बसवलेले होते आणि त्याच चाकाला साखळीने ओढ मिळे. तोंड पुढे आलेले, आवाज फटफट. कितीतरी गावांत लोक तिला डुक्कर गाडी म्हणत. आमच्या दादीला ते नाव तोंडात घ्यायला नको वाटे. ती 'तीन पायांची' म्हणायची आणि समोरच्याला बरोबर कळायचे.

चारचाकी मॅटॅडोर आकुर्डीतून बाहेर पडू लागली तोपर्यंत तिकडे जर्मनीत उलथापालथ झाली होती. विडालांची कंपनी हानोमागकडे गेली आणि हानोमागच्या छोट्या गाड्यांचा कारभार मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझकडे. या फिरवाफिरवीत टेम्पो हे नाव त्याच्या जन्मगावातून पुसले गेले. आपल्याकडे मात्र ते शब्दकोशात जाऊन बसले. मॅटॅडोर विसावे शतक संपेपर्यंत बनत राहिली. १९८७ मध्ये त्याच कंपनीने मर्सिडीजच्या नमुन्यावर टेम्पो ट्रॅव्हलर आणली. २००५ मध्ये कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले. तरी गाडी ठरवताना फोनवर आजही आपण 'टेम्पो ट्रॅव्हलर' असेच म्हणतो.

आता आमच्या तालुक्याबद्दल थोडे. पुण्याहून चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, मग पौड. पौड हे तालुक्याचे ठिकाण. तिथून पुढे मुळशीचे धरण, ताम्हिणी घाट, आणि घाट उतरला की कोकण, म्हणजे निजामपूर आणि माणगाव. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. धरण झालेच. चांगली भातजमीन पाण्याखाली गेली आणि वाड्या उरल्या त्या डोंगराच्या कडेला. पाण्याला वळसा घालून जाणारे रस्ते, पावसाळ्यात चार महिने चिखल, दिवसातून एखादी एस.टी. अशा तालुक्यात मोठा ट्रक वाडीपर्यंत जात नाही आणि बैलगाडी पुण्यापर्यंत पोहोचत नाही. मधली जागा मॅटॅडोरने घेतली.

तिची घडण त्या जागेसाठी कशी सोयीची होती हे आम्हाला तेव्हा कळत नव्हते. इतर मालगाड्यांत इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असते. त्यामुळे खालून लांब दांडा जातो आणि हौदा उंच करावा लागतो. मॅटॅडोरची ओढ पुढच्याच चाकांना होती. मागे दांडा नाही, म्हणून हौदा जमिनीलगत आणि सपाट. भाताचे पोते एकट्या माणसाला पाठीवरून सरळ आत टाकता येई. आजारी माणसाची खाट दोघांना उचलून ठेवता येई. आमची दादी शेवटच्या दोन वर्षांत एस.टी.ची पायरी चढू शकत नव्हती, पण मॅटॅडोरमध्ये तिला हात धरून सहज बसवता येई. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, वर पत्र्याचे झाकण. उन्हाळ्यात त्या झाकणाचा ताप नको व्हायचा. पावसाळ्यात तेच झाकण आमची शेगडी. अब्बा जेवणाचा डबा फडक्यात गुंडाळून त्यावर ठेवत. पुण्याच्या मार्केट यार्डात पोहोचेपर्यंत भाकरी ऊन राही.

या घडणीचा एक तोटाही होता. मागे माल भरला आणि चढ लागला की वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर ती नुसतीच फिरतात. मुरलेल्या ड्रायव्हरांनी यावर एक उपाय काढला होता. गाडी वळवायची आणि चढ उलटा चढायचा, रिव्हर्समध्ये. मग पुढची चाके उताराच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर बसते आणि पकड मिळते. ऐकायला विनोदी वाटते. आम्ही ते एका रात्री घाटात पाहिले आहे.

आमची बहीण माणगावकडे दिलेली. १९९८ च्या जुलैमध्ये पहिल्या बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचे होते. अब्बा आणि मधला भाऊ सकाळी गेले आणि दुपारनंतर तिला घेऊन निघाले. ताम्हिणीचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून समजणार नाही. समोरच्या काचेवर पाणी नव्हे, नुसती पांढरी भिंत. विळ्याच्या पुढे चढणीवर दरडीची माती रस्त्यावर वाहून आलेली. गाडी जायला जागा होती, पण चाके फिरत आणि गाडी तिथल्या तिथे. अब्बांनी तीन वेळा पाहिले. मग एका रुंद वळणावर तिला हळूहळू फिरवली आणि तोंड कोकणाकडे करून पुण्याच्या दिशेने चढायला लागले. भाऊ मागे बॅटरी घेऊन चालत होता आणि "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होता. आमच्यातली जी त्या वेळी पुढच्या सीटवर होती, ती आजही सांगते की भीती वाटायला वेळच मिळाला नाही. अब्बा सारखे बोलत होते. घरी अम्मीने काय केले असेल, तुझ्या सासूबाईंनी दिलेली सुकट नीट ठेवलीस ना, असले काहीतरी. चढ संपल्यावर ते खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, चारही चाकांना हात लावून पाहिले, आणि मग बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसून राहिले. तो जन्मलेला भाचा आज हिंजवडीला नोकरी करतो.

गाडी टिकाऊ होती असे सगळे म्हणतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. ती बिघडत नसे असे नाही, चांगली बिघडायची. पुढच्या चाकांना फिरवणारे सांधे झिजत आणि वळणावर टकटक आवाज सुरू होई. थंडीत हीटर मारून दोन-तीनदा प्रयत्न केल्याशिवाय चालू होत नसे. पत्रा तर दर पावसाळ्यात कुजे. पण बिघडलेली गाडी उघडून पाहता येत असे. पाने, जॅक, ग्रीसचा डबा आणि थोडी अक्कल एवढ्यावर निम्मी कामे घरीच होत. उरलेल्यासाठी आकुर्डी-पिंपरीच्या कारखान्यांत हात घासून आलेले फिटर ठिकठिकाणी गॅरेज टाकून बसलेले होते आणि जुना पार्ट नाना पेठेत हमखास मिळे. आताची गाडी अडली की आधी तिला कॉम्प्युटर लावावा लागतो. ती धूर कमी करते, डिझेल कमी खाते, ब्रेकही चांगले. मॅटॅडोरचा धूर आठवला तर या सुधारणा व्हायलाच हव्या होत्या. तरी वाडीतल्या वाडीत दुरुस्त होणारी गाडी आता राहिली नाही, हेही खरे.

ती घेतली कशी, ते सांगायला हवे. १९९१ मध्ये पुण्यातल्या एका भाजी व्यापाऱ्याची चार वर्षे वापरलेली मॅटॅडोर विकायला निघाली. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही हे अब्बांनी ठरवले होते. घेणाऱ्यांना ते कधी नावे ठेवत नसत, पण आपल्यापुरते त्यांचे पक्के होते. अम्मीच्या बांगड्या गेल्या. मामूंनी काही दिले. तरी वीस हजार कमी पडत होते. ते भातगिरणीवाल्या काकांनी दिले. काका आमच्या शेजारच्या गावचे, मराठा. कागद नाही, साक्षीदार नाही. अब्बांनीच आग्रह करून त्यांच्या वहीत आणि आपल्या वहीत रक्कम लिहिली आणि खाली सही केली. कुरआनात उसनवारी लिहून ठेवा असे स्पष्ट आले आहे, ते अब्बा अशा वेळी सांगत. काका हसून म्हणाले, "चाचा, तुमच्या देवानं सांगितलंय तर लिहा. आमच्या देवानं काय नको म्हटलेलं नाही."

त्या वहीने पुढे आम्हाला पुष्कळ शिकवले. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. अब्बा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. अक्षर टपोरे. तारीख, कुठून कुठे, माल काय, डिझेल किती, भाडे किती. एकाखाली एक नोंदी. कोळवण ते मार्केट यार्ड, आंबेमोहोर, बारा पोती. पौड ते आळंदी, वारकरी, परत. निवे ते पिरंगुट, गवताच्या पेंढ्या. ईदच्या आदल्या आठवड्यात बोकड. मे महिन्यात वऱ्हाडे, कधी निकाहची, कधी लग्नाची, कधी एकाच दिवशी दोन्ही. आणि मधूनमधून भाड्याच्या रकान्यात रक्कम नाही, नुसती आडवी रेघ. लहानपणी आम्हाला वाटे की ते पैसे यायचे राहिले असतील.

रेघ कशासाठी, हे बाजूचे शब्द वाचले की कळते. "मय्यत, माले ते पौड." "बाळंतीण, ससून." "साप चावला, रात्री." मय्यत, बाळंतीण आणि साप-विंचू यांचे भाडे घ्यायचे नाही हा अब्बांचा नियम होता. डिझेलचा आकडा मात्र अशा नोंदीतही लिहिलेला असे. खर्च तर झालाच आहे, तो लपवायचा कशाला, असा त्यांचा हिशेब असावा. घरात तंगी असली की अम्मी कुरकुरायची. एकदा ती म्हणाली, निदान डिझेलचे तरी घ्या. अब्बा म्हणाले, "मय्यतच्या घरी जाऊन मी डिझेलची पावती दाखवू?" तो विषय तिथेच संपला. पण अम्मीची कुरकुरही खरी होती. त्या वर्षी आमच्यातल्या एकाची कॉलेजची फी तीन महिने उशिरा भरली गेली. रेघेचा खर्च कुणीतरी उचलतच असते, आणि आमच्या घरी तो बहुतेक वेळा अम्मीने उचलला. ती जवारीच्या दोन भाकरी कमी करायची आणि बोलायची नाही.

२०१४ च्या हिवाळ्यात अब्बा गेले. त्यांची मय्यत त्याच गाडीतून नेली. गाडी थोरल्या भावाने चालवली. त्या दिवशी वहीत नोंद कुणी केली नाही.

अम्मीची इद्दत पूर्ण होईपर्यंत आम्ही वाटणीचा विषय काढला नाही. त्यानंतर मौलानांकडे गेलो. क्रम त्यांनी समजावून सांगितला. बहुतेक वाचकांना तो माहीत असेल, पण वेळ आली की आपण नेमका तोच विसरतो. मय्यतीच्या माघारी जे राहिले त्यातून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर एक-तृतीयांशाच्या आत ती, आणि उरलेल्यात वारस. मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा. बाकीच्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. आमचे आजी-आजोबा हयात नव्हते. म्हणजे अम्मी, दोन मुलगे, एक मुलगी. मौलानांनी कागदावर चाळीस हिस्से पाडले. अम्मीचे पाच, दोघा भावांचे चौदा-चौदा, बहिणीचे सात. घराच्या खोल्या आणि पाऊण एकर भातखाचर यांचे ठीक होते. मग मौलानांनी विचारले, "आणि गाडी?"

खरे सांगायचे तर घरात तोपर्यंत गाडी ही मालमत्ता आहे असे कुणी धरलेच नव्हते. ती धाकटा भाऊ चालवत होता. ती त्याचीच, असे गावातही सगळे समजत. बहिणीच्या सासरचेही तसेच समजत. बहीण मात्र म्हणाली, "माझा गाडीत हिस्सा आहे. मला तो हवा आहे." आवाज चढवून नाही, चहाचे कप उचलता उचलता. एका नातेवाइकाने तिला बाजूला घेऊन सांगितले की माहेरचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर असल्या गोष्टी सोडून द्यायच्या असतात. हे वाक्य आपल्या घरांतून किती मुलींनी ऐकले असेल! त्याला तिने जे उत्तर दिले ते इथे तिच्याच परवानगीने देतो: "हिस्सा घेतल्यानं जो दरवाजा बंद होतो, तो उघडा कुठं होता?" आम्हा तिघांत त्यावरून वाद झाला नाही. बाकी नातेवाइकांत पुष्कळ झाला.

पण वाटणीच्या आधी कर्ज. वह्या काढल्या. गिरणीवाल्या काकांचे वीस हजार अब्बांनी १९९७ पर्यंत फेडले होते, पाचशे-हजार करत. नंतर इंजिनाचे काम निघाले तेव्हा परत घेतले होते, आणि त्यातले सहा हजार बाकी दिसत होते. आम्ही दोघे भाऊ पैसे घेऊन गेलो. काका आता थकलेले, ओसरीवर खाटेवर बसून असतात. त्यांनी पैशांकडे पाहिलेसुद्धा नाही. "पोरांनो, माझ्या आईला छातीत कळ आली तेव्हा चाचानं रात्री दोन वाजता गाडी काढली होती. त्याचे किती झाले, ते आधी तुमच्या वहीत बघा." आम्हाला माहीत होते, तिथे रेघ होती. आम्ही म्हटले, काका, तो हिशेब अब्बांनी मांडलेलाच नाही, आणि हा मांडलेला आहे. मांडलेला हिशेब मिटल्याशिवाय आमची वाटणी होत नाही. एकतर घ्या, नाहीतर तोंडाने माफ केले म्हणा. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "माफ बिफ करणारा मी कोण? पैसे ठेवा खिशात. भात निघाला की चार खेपा यार्डात टाका. भाडं द्यायचं नाही, झालं मिटलं."

त्या दिवाळीनंतर चार खेपा झाल्या. धाकटा भाऊ पहाटे तीनला उठून जायचा. वहीत त्याने त्या नोंदल्या आणि भाड्याच्या रकान्यात दर वेळी दीड हजार लिहून समोर "कर्जात वजा" असे लिहिले. रेघ मारली नाही. तो फरक त्याला समजला होता, याचे आम्हाला बरे वाटले.

मग गाडीची किंमत. व्यावसायिक गाडी जुनी झाली की दर वर्षी पासिंग, त्यावर पर्यावरण कर, आणि पासिंगसाठी जो पत्रा आणि रंग करावा लागतो त्याचा खर्च. सत्तावीस वर्षांच्या गाडीला चालत्या गाडीचे गिऱ्हाईक मिळेना. एक जण आला, त्याने पुढची चाके वळवून टकटक ऐकली आणि चहा पिऊन गेला. शेवटी भंगारवाल्याला बोलावले. सांगाडा वजनावर आणि इंजिन वेगळे, असे ठरले. गाडीचे कागद आर.टी.ओ.त रद्द करून घेतले. ते न करता गाडी तोडायला देऊ नये, पुढे तिचा नंबर कुठेही वापरला जाऊ शकतो. सगळे मिळून अडतीस हजार आले. चाळीस हिस्से, म्हणजे एका हिश्श्याला साडेनऊशे. अम्मीला चार हजार सातशे पन्नास, भावांना तेरा हजार तीनशे प्रत्येकी, बहिणीला सहा हजार सहाशे पन्नास. रक्कम काही मोठी नाही. पण अम्मीच्या नावाने घरात पहिल्यांदाच पैसे मोजून तिच्या हातात दिले गेले. ते तिने दोनदा मोजले. बांगड्या गेल्या त्या सालापासूनचा हिशेब तिच्या डोक्यात असणार, तिने तो काढला नाही.

धाकट्या भावाला गाडी हवीच होती, त्याला दुसरे काम येत नाही. हिंजवडी हीदेखील मुळशी तालुक्यातच येते, हे बाहेरच्यांना सांगितले तर खोटे वाटते. तिथल्या कंपन्यांच्या नोकरदारांना ने-आण करायला ट्रॅव्हलर लागतात. त्याने जुनी ट्रॅव्हलर घेतली, परत नातेवाइकांकडून बिनव्याजी रकमा गोळा करून आणि परत वहीत लिहून. बहिणीने आपले सहा हजार सहाशे पन्नास त्यातच घातले, पण उसने म्हणून. हप्ता ठरवून घेतला आणि शेवटचा हप्ता २०१७ मध्ये वसूल केला. ज्या नातेवाइकाने तिला दरवाज्याची गोष्ट सांगितली होती, त्यांच्या मुलीचे वऱ्हाड त्याच ट्रॅव्हलरमधून गेले, पूर्ण भाडे घेऊन.

रेघेच्या नोंदी मात्र आता फार होत नाहीत. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. फोन केला की रुग्णवाहिका येते आणि आत डॉक्टर असतो. ही फार चांगली गोष्ट झाली. अब्बा पाहायला असते तर सर्वांत जास्त खूश तेच झाले असते, कारण सर्पदंशाच्या माणसाला मागे झोपवून घाटातून गाडी हाकताना त्यांचे काय होत असेल ते त्यांनी कधी सांगितले नाही. रस्त्यात दिसणाऱ्या अनेक रुग्णवाहिका ट्रॅव्हलरच्याच सांगाड्यावर बांधलेल्या असतात. म्हणजे घराणे तेच राहिले. पाणी पलीकडच्या वाड्यांवर, जोराच्या पावसात, अजूनही कधी कधी धाकट्याचा फोन वाजतो. तो जातो. वही त्याने बंद केली आहे, हिशेब मोबाईलवर ठेवतो. त्यात रकमेच्या जागी रेघ टाकता येत नाही, आकडाच लागतो. तो शून्य टाकतो.

जुन्या वह्या अम्मीच्या पेटीत आहेत. रेघा किती, ते आम्ही एकदा मोजायला बसलो होतो. तिसऱ्या वहीत अम्मीने पाहिले आणि म्हणाली, "त्यांनी मोजल्या नाहीत, तुम्ही कशाला मोजता?" वह्या परत आत गेल्या.

मॅटॅडोरचे इंजिन घोटवड्याकडच्या एका शेतकऱ्याने भंगारवाल्याकडून नेले. त्याने त्याला पंप जोडून नदीकाठी बसवले आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघे तिकडून जात होतो, तेव्हा आवाज ओळखला. उतरून पाहिले. हीटरला तो अजूनही दोन-तीनदा लावावा लागतो म्हणाला.